फळ्यावरचा साहेब

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला तो असा: ‘मोठ्या टेक्नॉलॉजी कंपनीतली नोकरी : फायदे आणि तोटे’. वर प्रेमानं सूचनाही दिली, की मुद्दे सुटसुटीत असावेत, नव्या पिढीला उपयोग व्हावा आणि सूर फार कडवट नको. मी कागद घेतला, मधोमध रेघ मारली आणि डावीकडे पहिला फायदा लिहिला, ‘तिथे कुणी आडनाव विचारत नाही’. मग उजवीकडे पहिला तोटा लिहायला गेलो, तर पेनातून तेच वाक्य उतरलं. तेव्हा कागद चुरगाळून टाकला. आता आठवेल तसं सांगतो. कडवट वाटलं तर संपादकांनी चहात साखर वाढवून घ्यावी.

कंपनीचं नाव लिहीत नाही. तिनं इथलं बिऱ्हाड केव्हाच हलवलं, पण तिचे वकील कुठेतरी असतीलच. परदेशी होती, अवाढव्य होती, तिचा शिक्का बघून लोक वस्तू घ्यायचे. नव्वदीच्या मध्यावर शिरूर तालुक्यातल्या माळावर तिचा पांढराशुभ्र कारखाना उभा राहिला, तेव्हा आजूबाजूच्या गावांतली माणसं सुट्टीच्या दिवशी नुसता तो बघायला यायची. आम्ही तिथे कॉम्प्युटरचे मॉनिटर बनवायचो. आजच्या भिंतीला चिकटणाऱ्या पातळ पाट्या नव्हेत, मागे भलंमोठं कुबड असलेले, एकट्यानं उचलला तर कंबर धरणारे.

मी दौंडचा. रेल्वेलाइनच्या कडेला आमची भीमनगरची वस्ती. वडील, म्हणजे आमचे आबा, रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा टाकून ठरलेल्या टप्प्यातला रूळ रोज पायी चालायचा, आणि रुळाला जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्यांपैकी ज्या ढिल्या झाल्या असतील त्या ठोकून घट्ट करायच्या, हे त्यांचं काम. नोकरीभर त्यांनी रुळाच्या तपासणीला ट्रॉलीवरून जाणाऱ्या प्रत्येकाला साहेब म्हटलं. पण ते युनियनचे पक्के. ‘कामगार’ हा शब्द ते अशा रुबाबात उच्चारायचे की लहानपणी मला ती डॉक्टरसारखी एखादी पदवी वाटायची.

वस्तीत त्यांच्याकडे आणखी एक काम होतं. बुद्धविहाराच्या भिंतीवर काळा वार्ताफलक आहे. जयंतीची मीटिंग, कुणाचं निधन, कुणाचा मुलगा पास झाला, नळाला पाणी कधी येणार, सगळं त्यावर खडूनं लिहिलं जायचं. अक्षर वळणदार म्हणून तो फळा आबांकडे. पाणी येणार असं आबांनी लिहिलं की बायका हंडे घेऊन निघायच्या, नगरपालिकेच्या गाडीवाल्यानं काहीही सांगो. फळ्यावर आलं म्हणजे खरं, हे वस्तीत सगळ्यांनी धरलेलं होतं, आणि त्याचा आबांना अभिमान होता. बातमी ऐकीव असली तर ते खात्री करायला स्वतः जायचे आणि मगच खडू उचलायचे.

आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स करून मी कंपनीत लागलो, तेव्हा माझ्या पदाचं नाव होतं ‘ज्युनिअर क्वालिटी ऑफिसर’. लाइनवर माझ्या डाव्या हाताला ऑफिसर, उजव्या हाताला ऑफिसर, पलीकडे खोके चिकटवणाराही पॅकिंग ऑफिसर. त्या आख्ख्या कारखान्यात झाडूवाले सोडले तर कामगार कुणी नव्हताच, आणि झाडूवाले ठेकेदाराचे.

मी आनंदानं घरी सांगितलं. आबांनी पहिला प्रश्न विचारला, “युनियन हाय का?”

“आबा, ऑफिसरांची युनियन नसते.”

“मग तुजं गाऱ्हानं कोन ऐकनार?”

“तिथं गाऱ्हाणंच नसतं. सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. मॅनेजरला सुद्धा.”

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, “ज्याला नावानं हाक मारता येती त्यो मॅनिजर कसला?” पण त्यांनी मोडता घातला नाही. संध्याकाळी मात्र विहारात गेले तेव्हा फळ्यावर माझं नाव लिहिलं नाही. मला जरा लागलं ते.

आता काम कसलं ते सांगतो. मॉनिटरच्या काचेच्या नळीत मागून तीन किरण निघतात, लाल, हिरवा आणि निळा. पुढच्या काचेवर ते नेमके एकावर एक पडले की डोळ्याला पांढरं दिसतं. जरासे सरकले की पांढऱ्या रेघेला एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं निळी किनार येते, साडीच्या काठासारखी. नळीच्या मानेवर चुंबकाच्या पातळ रिंगा असतात. त्या केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवून तिन्ही किरण जुळवायचे. मॉनिटरचं तोंड पलीकडे आणि मी त्याच्या पाठीशी, म्हणून समोर आरसा लावलेला. आरशात बघत उलट्या अंदाजानं रिंग फिरवायची, रेघ पांढरी झाली की लाल लाखेचा ठिपका देऊन रिंग पक्की करायची, तोवर पट्ट्यावरून पुढचा मॉनिटर आलेला असतो. दिवसभर पांढऱ्याला पांढरं करत बसायचं. माझा हात चांगला होता. मी लावलेला मॉनिटर परत आलाय असं क्वचितच घडलं, आणि हे सांगताना मला आजही बरं वाटतं, त्याला माझा इलाज नाही.

लघवीला जायचं तर हात वर करायचा. मग रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, येऊन माझ्या जागी उभा राहायचा. तो दुसरीकडे गुंतला असेल तर ऑफिसरसाहेबांनी पायावर पाय देऊन थांबायचं. पट्टा थांबत नसे.

तरीही ते दिवस सुखाचे होते, हे मी नाकारणार नाही. छातीवरच्या बॅजवर फक्त नाव, ‘मिलिंद’. आडनावाला जागाच नाही. दौंडात खोली भाड्यानं मागायला गेलो तर घरमालक पहिल्यांदा आडनाव विचारायचा आणि मग त्याला अचानक आठवायचं की खोली भाच्याला दिली आहे. कंपनीत तसलं काही नाही. एकच कँटीन, एकच स्टीलचं ताट, परदेशी साहेबही त्याच रांगेत. माझ्या शेजारी दत्ता बसायचा, निमोण्याचा, शेवंती आणि कांदा करणाऱ्या घरातला. सकाळी दौंडहून निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये तो निमोण्याच्या फाट्यावर चढायचा आणि माझ्यासाठी पिशवीत काहीतरी असायचंच, कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी हुरडा.

एका रविवारी तो मला घरी घेऊन गेला. त्याची आई ओट्यावर फुलं निवडत बसली होती. पाणी दिलं, बसायला सांगितलं, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “कुनाचा रं तू? आडनाव काय म्हनलास?”

मी काही बोलायच्या आत दत्ता म्हणाला, “कंपनीतला हाय, आई.”

“आसं व्हय,” म्हणून तिनं चहा टाकला, घरातल्या कपांत, आणि आम्ही तिघं एकत्र प्यायलो. ‘कंपनीतला’ ही आमची नवी जात होती. दत्ता मला फाट्यावर सोडायला आला तेव्हा मी गप्प होतो. दत्ताला वाटलं मला राग आला. राग नव्हता, मला फार बरं वाटत होतं आणि त्या बरं वाटण्याची चीडही येत होती. मोठ्या कंपनीचा याहून मोठा फायदा मला आजही सांगता येणार नाही.

आता पिवळ्या टोपीबद्दल. लाइनवर दर महिन्याला आळीपाळीनं एकाच्या डोक्यावर पिवळी टोपी चढायची. तो त्या महिन्याचा टीम लीडर. त्यानं करायचं काय, तर किती माल निघाला ते तासातासाला बोर्डावर लिहायचं आणि काही बिघडलं तर शिव्या खायच्या. बाकी रिंग फिरवणं चालूच. कुणाला रजा द्यायचा अधिकार नाही, पट्टा थांबवायचा नाही, पगारात फरक नाही. महिना संपला की टोपी पुढच्याच्या डोक्यावर. आम्ही हसायचो, आणि घरी जाताना मात्र टोपी बॅगेत न ठेवता डोक्यावर ठेवायचो. दत्ता तर निमोण्यात बाजारच्या दिवशी ती घालून फिरला होता.

खंडेनवमीला टोपी माझ्या डोक्यावर होती. त्या दिवशी मशीनची पूजा व्हायची. मी पूजा करत नाही हे लाइनवर सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी आग्रह केला नाही, पण टोपीवाल्याच्या हातात नारळ द्यायची पद्धत. मी नारळ घेतला आणि दत्ताकडे दिला, पद्धत मिटली. दत्तानं गाणी लावायला गावातल्या मंडपवाल्या चुलतभावाचे दोन दांडगे स्पीकर आणले होते. ते ठेवायला जागा कुठे, तर पॅकिंगला निघालेल्या मॉनिटरच्या रांगेशेजारी. पेढे वाटले, गाणी झाली, जेवून आलो आणि शेवटच्या तपासणीला मॉनिटर चालू केले, तर प्रत्येकाच्या कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग, पडद्यावर कुणी रंग सांडल्यासारखे. दिवसभर चुंबकाच्या रिंगा फिरवणाऱ्या आम्हा सगळ्या क्वालिटी ऑफिसरांच्या ध्यानात आलं नाही की स्पीकरच्या पोटातही चुंबक असतो, आणि हा तर वरातीला पुरणारा.

परदेशी साहेब धावत आले. आम्ही डाग घालवणारी कॉइल काढली. सायकलच्या टायरएवढी तारेची रिंग असते ती, चालू करून पडद्यासमोर गोल गोल फिरवत मागे सरायचं. एकेका मॉनिटरसमोर आम्ही ती ओवाळत होतो तेव्हा दत्ता म्हणाला, “सकाळी निस्ती पूजा झाली, आरती आत्ता चाललीया.” साहेबांनाही कुणीतरी इंग्रजीतून सांगितलं आणि ते हसले. डाग गेले, माल वेळेत सुटला. एचआरचा समीर हा आमच्याच वयाचा, गोड बोलणारा, पुण्याचा. त्यानं त्या दिवसाचा अहवाल लिहिला आणि विचारलं, “टीम लीडर कोण? मिलिंद ना? मग जबाबदार म्हणून तुझं नाव टाकतो, फक्त फॉरमॅलिटी.” मी म्हटलं टाक. एवढा समजूतदारपणा दाखवल्याबद्दल त्यानं माझं कौतुकही केलं, आणि पुढच्या आठवड्यात ‘कुटुंबभेटी’साठी माझ्या घराची निवड केली.

कुटुंबभेट म्हणजे कंपनीची माणसं एकेकाच्या घरी जायची, फोटो काढायची आणि कंपनीच्या मासिकात छापायची. खाली ठरलेलं वाक्य, ‘आमचं मोठं कुटुंब’. समीर कॅमेरावाल्याला घेऊन भीमनगरात आला. आमच्या घरी भाकरी आणि मटण मनापासून जेवला, हे खरं. मग विहाराकडे फिरायला गेलो तेव्हा फळ्याकडे बघून आबांना म्हणाला, “आबा, सगळ्या वस्तीच्या बातम्या तुम्ही लिहिता आणि मिलिंदची नाही लिहिली?”

आबा म्हणाले, “काय लिव्हू? पोरगा काय हाय तितं, मला कुठं म्हाईत?”

“ऑफिसर आहे. लोकांवर लक्ष ठेवतो. बघा की, टोपी आहे डोक्यावर.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. खात्री करायची त्यांची सवय. मी काय बोलणार, समीर उभा होता, टोपी डोक्यावर होती आणि कॅमेरा तयार होता. मी मान हलवली. आबांनी फळा ओल्या फडक्यानं पुसला, वाळू दिला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: ‘आपल्या वस्तीचे मिलिंद यांची परदेशी कंपनीत साहेबपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ समीर म्हणाला होता ऑफिसर. आबांच्या भाषेत त्याला एकच शब्द होता. ज्या माणसानं तो शब्द जन्मभर दुसऱ्यांना दिला, त्यानं तो एकदा आपल्या घरात आणला आणि मागे सरून बघत राहिला. फोटो निघाला: एका बाजूला हातात खडू धरलेले आबा, दुसऱ्या बाजूला पिवळ्या टोपीतला मी, मधे समीर. मासिकात छापूनही आला. माझ्या बायकोनं, संगीतानं, तो फ्रेम करून टीव्हीवर ठेवला. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनाही हाच फोटो दाखवला होता.

मग पातळ पडदे आले. बाजारात ते दिसू लागले तेव्हाच आम्हाला समजायला हवं होतं, पण कुबडवाल्या मॉनिटरला मरण नाही असं आम्हाला दर महिन्याच्या सभेत सांगितलं जायचं, आणि सांगणारा माणूस आपल्याच ताटात जेवतो म्हटल्यावर खोटं कसं वाटणार. एका सकाळी गेटवर मी बॅज मशीनला लावला आणि हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. मला वाटलं बॅज खराब झाला. मागे दत्ता, त्याचाही लाल. लाइनवरच्या निम्म्या लोकांचे लाल. आम्हाला कँटीनमध्ये बसवलं. समीर आला, डोळे पुसत होता, आणि ते खोटं नसावं. म्हणाला, कंपनीला फार दुःख होतंय, हे काढून टाकणं नाही, याला सेपरेशन म्हणतात.

दत्ता म्हणाला, “समीर, रोज कुटुंब कुटुंब म्हनत व्हता. कुटुंबात सेपरेशन म्हंजी काडीमोडच की. आमच्यात त्याला बी दोन्हीकडची मानसं बसवत्यात.”

समीर म्हणाला, “दत्ता, मला समीरसाहेब म्हण आता.” कदाचित विनोद करायला गेला असेल. कुणी हसलं नाही.

बहुतेकांनी देऊ केलेला हिशेब घेतला आणि गेले. दत्ताही गेला. “माजी शेवंती तरी मला बॅज मागत न्हाई,” म्हणाला. आम्ही काहीजण भांडायला उभे राहिलो. त्यात मी पुढे होतो, कारण आबा मागे होते. आयुष्यभर ऐकलेलं होतं, की कामगाराला असं काढता येत नाही, कायदा आहे. पुण्यातल्या वकीलमॅडमनी सगळे कागद पाहिले आणि पहिल्याच दिवशी चष्मा काढून ठेवला.

“कायदा आहे, पण तो कामगाराला,” त्या म्हणाल्या. “कंपनी म्हणणार, यांच्यात कामगार कुणी नाहीच, सगळे अधिकारी. तुम्हाला आधी हे सिद्ध करावं लागेल की तुम्ही कुणी नव्हता. जेवढे लहान व्हाल तेवढं बरं.”

पुढची काही वर्षं मी लहान व्हायचा सराव केला. पोटासाठी कुरकुंभला केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्ट करायचो आणि तारखेला दौंडहून पॅसेंजरनं पुण्याला. पिंजऱ्यात उभा राहून शपथेवर सांगितलं की मी फक्त रिंगा फिरवायचो. सांगितलं की मला कुणाला रजा देता येत नव्हती. भरल्या कोर्टात सांगितलं की मी लघवीलासुद्धा हात वर करून जायचो. ज्या हाताचा मला अभिमान होता त्या हाताच्या कामाला डोकं लागत नाही, असं वकीलमॅडमनी माझ्याकडून वदवून घेतलं. केससाठी ते बरोबरच होतं. कंपनीच्या वकिलांनी खंडेनवमीचा अहवाल काढला आणि विचारलं, “जबाबदार म्हणून आपलंच नाव आहे ना? मग जबाबदारी बिनअधिकाराची असते काय?” त्यावर मी म्हणालो, “आमच्याकडे तशीच होती.” कारकूनसुद्धा हसला, पण ते उत्तर नोंदीत कसं घ्यायचं यावर बराच वेळ गेला.

मग त्यांनी मासिक काढलं. फोटो. फळा. ‘साहेबपदी निवड’. म्हणाले, हा माणूस स्वतःला कामगार म्हणवतो, आणि यांचे वडील, रेल्वे युनियनचे जुने माणूस, ज्यांना कामगार कोण आणि साहेब कोण हे चांगलं कळतं, त्यांनी स्वतःच्या हातानं जाहीर फळ्यावर काय लिहिलंय ते बघा. झालं. आता आबांची साक्ष काढण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

मी मॅडमना म्हटलं, त्यांना नको, मी केस सोडतो. आबांनी ऐकलं. म्हणाले, “सोडायची न्हाई. इचारतील त्ये सांगीन. खरं सांगायला काय लागतंय?” साक्षीच्या दिवशी धुतलेलं पांढरं धोतर, कोट आणि खिशात रेल्वेचा पास. गाडीत खिडकीशी बसून रूळ बघत गेले.

कोर्टात कंपनीच्या वकिलांनी त्यांना खुर्ची द्यायला लावली, फार अदबीनं बोलले. “आबा, हे अक्षर तुमचं?”

“व्हय.”

“या फळ्यावर तुम्ही खोट्या बातम्या लिहिता का?”

“न्हाई. कवाच न्हाई.”

“बिनचौकशी लिहिता?”

“न्हाई. इचारून, बघून लिव्हतो.”

“म्हणजे मुलगा साहेब होता, ही खात्री करूनच लिहिलंत.”

मॅडमनी हरकत घेतली, ती फेटाळली गेली. वकील म्हणाले, “सोपा प्रश्न आहे. तुमचा मुलगा साहेब होता की नव्हता?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं, विहाराजवळ पाहिलं होतं तसंच. या वेळी मी मान खाली घातली. ते म्हणाले, “न्हवता.”

“मग फळ्यावर लिहिलं ते खोटं?”

समीरनं सांगितलं होतं, हे ते म्हणू शकले असते. मुलानं मान हलवली होती, हेही म्हणू शकले असते. दोन्ही खरंच होतं. ते कुणाचंही नाव न घेता म्हणाले, “व्हय. खोटं लिव्हलं म्या.”

वकिलांनी मान लववून आभार मानले. येताना गाडीत आबांना मी चहा घेऊन दिला तर तो हातात धरूनच दौंड आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खडूचा डबा विहाराच्या कपाटात ठेवून किल्ली मंडळाच्या सेक्रेटरीला दिली. “डोळ्याला दिसत न्हाई आता,” म्हणाले. डोळे ठीक होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तेही मी नोकरीत असताना, कंपनीच्याच मेडिकल विम्यातून. हासुद्धा फायद्यात लिहायला हवा.

त्या दिवसापासून फळा कुणीही लिहू लागलं. अक्षर वाकडं, पाण्याची वेळ चुकीची. बायका आबांना येऊन सांगायच्या, ते खाटेवर कूस बदलायचे. मला कंपनीनं नोकरीवरून काढलं याचं मला काय वाटायचं ते वाटायचं. पण एका म्हाताऱ्या माणसाकडे एवढी एकच गोष्ट होती, आणि तीही त्या लोकांनी मासिकात छापून नेली आणि कोर्टात आणून मोडली. समीरला हे माहीतही नसेल. त्याचा राग करायला मी बसतो तेव्हा मला तो आमच्या घरी मटण वाढून घेताना दिसतो, आणि रागसुद्धा नीट येत नाही. या गोष्टीचा मला सगळ्यांत जास्त संताप आहे.

निकाल आला तेव्हा मी कुरकुंभहून शिफ्ट संपवून नुकताच घरी आलो होतो. मॅडमचा फोन. कोर्टानं म्हटलं होतं की पदाचं नाव आणि टोपी काहीही असो, काम कामगाराचंच होतं, आणि म्हणून मी कामगार आहे. मॅडम आनंदानं बोलत होत्या. मग हळूच म्हणाल्या की कंपनी वर अपील करील, आणि तसंही ती लाइन उरलेली नाही, मशीन दुसऱ्या देशात गेली आहेत. पुढे वरच्या कोर्टात तडजोड झाली आणि प्रकरण मिटलं. ज्या दिवशी मी कायद्यानं कामगार ठरलो त्या दिवशी मी कामगार असण्याची जागाच शिल्लक नव्हती.

मॅडमचा फोन ठेवला तसं आबांना सांगितलं. ते उठून बसले. दोनदा विचारलं, “कोर्टानं म्हनलंय? लिव्हून?” म्हटलं, हो, लिहून. म्हणाले, “मला इहारात ने.”

त्यांना धरून नेलं. सेक्रेटरीकडून किल्ली मागून घेतली. मला वाटलं मला लिहायला सांगतील. पण त्यांनी स्वतः फळा पुसला, वाळू दिला आणि लिहायला लागले. ओळ वर चढत गेली, अक्षरांचं वळण राहिलं नव्हतं. वर लिहिलं ‘दुरुस्ती’, आणि खाली: ‘मागे या फळ्यावर मिलिंद यांस साहेब असे लिहिले होते. ते चूक होते. मिलिंद हे कामगार आहेत.’

मी विचारलं, “खाली हार्दिक अभिनंदन लिहायचं का?”

“दुरुस्तीला कुठं आभिनंदन आसतंय?”

सेक्रेटरी शेजारी उभा होता. वाचून म्हणाला, “आबा, त्ये कवाच पुसून गेलंय की. आता कुनाच्या ध्यानात हाय?”

“माज्या,” आबा म्हणाले. त्यांनी खडू डब्यात ठेवला, डबा काखेत मारला आणि आम्ही जेवायला घरी आलो.